एका नटाचा एक दिवस

वर्षातला एक दिवस एकाच्याच नावाने राखून ठेवायचा, त्या दिवशी बाकीची कामे बाजूला सारायची आणि त्याचेच रूप पहाटेपासून रात्रीपर्यंत न्याहाळायचे, ही रीत मराठी मुलखाला कोणी बाहेरून येऊन शिकवावी लागलेली नाही. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातले सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. भैरवनाथ हे ज्यांचे कुलदैवत आहे अशी घराणी दूरदूर पांगलेली असली तरी चैत्रातल्या यात्रेला आणि रथाच्या सोहळ्याला त्यांची पावले तिकडे वळतात. याच जिल्ह्यात येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते. देव वर्षभर देवळातच असतो आणि दर्शनालाही कोणाची आडकाठी नसते. तरीही यात्रेच्या दिवशी त्याच्याकडे पाहण्याची नजर वेगळी असते, कारण त्या दिवशी एकट्याने नव्हे तर सगळ्यांनी मिळून पाहायचे असते. चित्रपटातल्या नटनट्यांना असा दिवस नेमून देता येईल का, आणि दिला तर त्या दिवशी नेमके काय दिसेल, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटला तरी तो एका समाजाच्या स्मरणशक्तीपर्यंत जाऊन पोहोचतो.

असा दिवस नेमून देण्याचे सर्वांत पद्धतशीर उदाहरण अमेरिकेतले आहे. टर्नर क्लासिक मूव्हीज, म्हणजे संक्षेपाने टीसीएम, ही जुन्या चित्रपटांना वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनी १९९४च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि २००३पासून तिने ऑगस्ट महिन्यात एक वार्षिक उपक्रम चालू केला. महिन्याचे एकतीस दिवस एकतीस कलावंतांना वाटून द्यायचे आणि प्रत्येक दिवशी चोवीस तास त्या एकाच कलावंताचे चित्रपट दाखवायचे, असे त्याचे साधे स्वरूप आहे. चित्रपटाच्या मध्ये जाहिराती न घालण्याची शिस्त ही वाहिनी पाळत आली असल्यामुळे एका दिवसात दहा-बारा चित्रपट सहज बसतात, आणि एखाद्या कलावंताचे दहा-बारा चित्रपट दाखवायचे म्हटले की केवळ गाजलेल्या चित्रपटांवर भागत नाही. रात्रीची मोक्याची वेळ सर्वपरिचित चित्रपटाला मिळाली, तरी पहाटेच्या आणि दुपारच्या आडवेळा भरून काढण्यासाठी त्या नटाचे सुरुवातीचे धडपडते काम, पडलेले चित्रपट, दुय्यम भूमिका आणि उतारवयात पोटासाठी पत्करलेली कामे बाहेर काढावी लागतात. या उपक्रमाचे खरे मोल याच आडवेळांत आहे. रात्री नऊचा चित्रपट प्रेक्षकाला आधीच पाठ असतो. पहाटे पाचचा चित्रपट त्याला त्या नटाविषयी नवे काही सांगतो.

त्या वाहिनीची दुसरी रीत मराठी वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. चित्रपट सुरू होण्याआधी एक निवेदक दोन-चार मिनिटे बोलतो, चित्रपट कसा घडला, त्या वेळी त्या नटाचे काय चालले होते, कोणाची भूमिका ऐनवेळी कोणाकडे गेली, हे सांगतो आणि संपल्यावर पुन्हा थोडे बोलून पुढच्या चित्रपटाकडे नेतो. २०१७मध्ये दिवंगत झालेल्या रॉबर्ट ऑस्बॉर्न या निवेदकाने हे काम इतक्या आपुलकीने केले की अनेकांच्या लेखी तोच त्या वाहिनीचा चेहरा होता. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विषयाचे निरूपण होते आणि मग उत्तररंगात आख्यान लागते, तसाच हा क्रम आहे. आख्यान ठाऊक असलेला श्रोताही निरूपणासाठी बसतो, कारण ठाऊक असलेल्या गोष्टीत बुवा यंदा कुठे बोट ठेवतात याचे त्याला कुतूहल असते. मराठी चित्रपटवाहिन्यांनी हा पूर्वरंग कधी गंभीरपणे घेतला नाही. हाताशी कीर्तनाची एवढी तयार परंपरा असताना ही उणीव अधिकच खटकते.

भारतात ही वाहिनी एका गमतीदार जोडीने घरोघरी आली होती. नव्वदच्या दशकात केबल खेड्यापाड्यांत शिरू लागली तेव्हा एकाच चॅनेलवर दिवसा मुलांची कार्टून चालत आणि रात्र झाली की तिथेच जुने हॉलिवूड चित्रपट सुरू होत. आधी टीएनटी या नावाने आणि पुढे टीसीएम या नावाने. टॉम आणि जेरीच्या मागोमाग अचानक कृष्णधवल चेहरे आणि अनोळखी इंग्रजी उच्चार सुरू झाले की बहुतेक घरांत रिमोट दुसऱ्याच्या हाती जाई. थोड्याच वर्षांत कार्टूनने चोवीस तास व्यापले आणि ते चेहरे गेले. मराठी प्रेक्षकाचा या वाहिनीशी संबंध एवढाच आणि तोही बराचसा अपघाती. वर्षातून एकदा, ठरल्या दिवसांत, लोकप्रिय कलावंत पाहायला गोळा व्हायचे ही सवय मात्र त्याच्या अंगात फार आधीपासून होती, आणि ती यात्रेतून आली होती.

यात्रेचा हंगाम म्हणजे करमणुकीचा हंगाम, हे समीकरण चित्रपटाहून जुने आहे. ढोलकी फडाचे, म्हणजे मोठ्या संचानिशी कनातीत खेळ करणाऱ्या तमाशा मंडळांचे, वर्ष गावोगावच्या यात्रांवर बेतलेले असते. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी आणि यात्रा समितीचे लोक तिथे येऊन कोणाचा फड घ्यायचा ते ठरवतात आणि सुपारी देतात. सुपारी म्हणजे खेळ पक्का केल्याची आगाऊ रक्कम. या व्यवहारात फडाला नाव असते ते एका व्यक्तीचे. विठाबाई नारायणगावकर यांचे नाव फलकावर असले की गर्दी कथेसाठी नसे, वगात काय आहे हे विचारायला कोणी थांबत नसे. विठाबाई येणार एवढे पुरेसे होते. एका कलावंताच्या नावावर एक रात्र लावायची, ही चित्रपटाच्या तारांकित व्यवस्थेची मूळ युक्ती मराठी गावाला तमाशाने आधीच शिकवली होती.

चित्रपट यात्रेत आला तो या कनातीच्या शेजारी. टुरिंग टॉकीज, अर्थात तंबूतला सिनेमा, ही व्यवस्था आता सरत आली असल्याने तिचे वर्णन करणे भाग आहे. मालट्रकमध्ये प्रक्षेपक आणलेला असे, कधी त्याच ट्रकच्या पाठीत बसवलेला. पीक निघालेल्या शेतात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत बांबू रोवून कापडाची कनात घातली जाई, वर जाड कापडाचे छत, समोर शिवून जोडलेला पांढरा पडदा, आणि बसायला जमीन. बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसत. खेळापूर्वी ध्वनिक्षेपकावरून जो पुकारा होई त्यात चित्रपटाच्या कथेपेक्षा नटाच्या नावाला वजन असे आणि शेजारच्या तंबूतला पुकारा त्याच वेळी चालू असल्याने दोन नटांची नावे एकमेकांवर आदळत. रिळे जुनी, अनेक ठिकाणी तुटून जोडलेली; जोडावर चित्र उडी घेई आणि एखादे वाक्य अर्धेच ऐकू येई. रीळ बदलताना अंधार झाला की शिट्ट्या वाजत. पावसाळ्यात तंबू उभा राहू शकत नाही, त्यामुळे दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू होऊन मृगापूर्वी आटोपे, आणि त्यातही चैत्र-वैशाख हे कमाईचे महिने. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या चित्रपटगृहांवर काही वर्षे काम करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ हा मराठी चित्रपट त्याआधी, २०१३मध्ये, आला होता. ज्या वर्षांत शहरी जगाला या तंबूंचे कौतुक वाटू लागले, त्याच वर्षांत रिळांची जागा डिजिटल संचांनी घेतली आणि अनेक जुने प्रक्षेपक भंगारात गेले.

तंबूने काही नट घडवले, निदान मोठे केले. दादा कोंडके यांचे ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५) हे चित्रपट शहरात रौप्यमहोत्सव गाठत होतेच. दादांचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरल्याची नोंद गिनीज बुकात झाल्याचे सांगितले जाते. रौप्यमहोत्सव म्हणजे एका चित्रपटगृहात सलग पंचवीस आठवडे, आणि हे माप शहराचे आहे. तंबूत पंचवीस आठवडे काहीच चालत नाही. तिथे चित्रपट दोन-तीन रात्री राहतो, पुढच्या यात्रेला जातो आणि पुढच्या वर्षी परत येतो. तंबूतले यश मोजायचे तर ते वर्षांत मोजावे लागेल, आणि त्या मापाने ‘माहेरची साडी’सारखा १९९१चा चित्रपट, ज्यात अलका कुबल यांच्या सोसणाऱ्या सुनेने ग्रामीण स्त्रीप्रेक्षकाला रडवले, त्याला तोड सापडणे कठीण. शहरी समीक्षेने या चित्रपटाची जेवढी थट्टा केली तेवढी त्याच्या प्रेक्षकांची दखल घेतली नाही. दरवर्षी तीच नटी, तीच गोष्ट, तेच रडू आणि तीच सोबतीण शेजारी बसलेली, हा अनुभव चित्रपट पाहण्याच्या शहरी अनुभवाहून निराळा आहे. तो व्रताच्या अधिक जवळ जातो.

नट आणि देव यांच्यातली सीमारेषा मराठीत कधी फारशी पक्की नव्हती. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन लाभलेल्या या चित्रपटाला १९३७च्या व्हेनिस महोत्सवात गौरव मिळाला, पण त्याचा खरा गौरव वेगळ्याच ठिकाणी झाला. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या या नटाचे रूप लोकांच्या मनात तुकोबांचेच रूप होऊन बसले, इतके की त्यांच्या चेहऱ्याच्या तसबिरी पुढे संताच्या तसबिरी म्हणून घरांत लागल्या. पागनिसांनी त्यानंतर ‘संत तुलसीदास’ (१९३९), ‘नरसी भगत’ (१९४०) असे चित्रपट केले. संताचा चेहरा एकदा मिळाल्यावर त्यांना दुसरा चेहरा उरला नाही. १९४३मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यासाठी एक दिवस राखला तर तो कलावंताचा दिवस ठरेल की संताचा, हे ठरवणे अवघड आहे, आणि स्त्रीपार्ट करणारे पागनीस तर कोणत्याच चित्रफितीवर नाहीत.

दूरदर्शन आल्यावर पाहण्याची ही वार्षिक लय आठवड्याची झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि आठवड्यातून एक मराठी चित्रपट दाखवण्याचा प्रघात पडला. चित्रपट कोणाचा, हे प्रेक्षकाच्या हाती नव्हते. एखादा नट गेला की ठरलेला चित्रपट बाजूला सारून त्याचा चित्रपट श्रद्धांजली म्हणून लावला जाई आणि पुष्कळ प्रेक्षकांनी जुने कलावंत प्रथम पाहिले ते असे, त्यांच्या निधनाच्या बातमीनंतर. २००७मध्ये झी टॉकीज ही चोवीस तास मराठी चित्रपटांची वाहिनी आली, तिच्यामागोमाग आणखी काही आल्या, आणि आता जयंती-पुण्यतिथीला त्या त्या कलावंताचा एखादा चित्रपट लावण्याची रूढी तयार झाली आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांची जयंती आली की ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८), आणि पुण्यतिथी आली तरी ‘अशी ही बनवाबनवी’. चित्रपट उत्तमच आहे. त्याचे संवाद दोन पिढ्यांना तोंडपाठ आहेत. पण जो चित्रपट एरवीही दर आठवड्या-पंधरवड्याला लागतो, तो त्या दिवशी लावून तारीख तेवढी पाळली जाते. उत्तरपूजा झाली, प्राणप्रतिष्ठा राहून गेली, असा हा प्रकार आहे.

पुनरावृत्तीला दोष देण्यापूर्वी तिचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. यात्रेतली पुनरावृत्ती वर्षाची असते आणि मधल्या अकरा महिन्यांत पाहणारा बदललेला असतो. गेल्या चैत्रात माहेरवाशीण असलेली यंदा सासुरवाशीण होऊन पडद्यासमोर बसते. वाहिनीवरची पुनरावृत्ती आठवड्याची असते, तिच्यात पाहणाऱ्याला बदलायला अवकाशच मिळत नाही, आणि हळूहळू नटाचाही संकोच होत जातो, म्हणजे त्याच्या पन्नास भूमिकांतून दोन-तीनच उरतात. निळू फुले यांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यातून पुढे आलेले आणि अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातून पडद्यावर स्थिरावलेले फुले नकला करणाऱ्यांच्या कृपेने आज एका आवाजापुरते उरले आहेत: लंपट, गुरगुरणारा पाटील किंवा सरपंच. त्यांच्यासाठी खरोखर एक दिवस राखला, तर सकाळी हा पाटील दिसेल, दुपारी ‘सामना’मधला (१९७४) हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट दिसेल, जो श्रीराम लागूंच्या मास्तरासमोर हळूहळू ढासळतो आणि ज्याच्या ढासळण्यात प्रेक्षकाला त्याच्याविषयी न आवडणारी सहानुभूती वाटू लागते, आणि रात्री ‘सिंहासन’मधला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस दिसेल, जो सत्तेचा खेळ जवळून पाहता पाहता स्वतःच भ्रमिष्ट होण्याच्या टोकाला पोहोचतो. सत्ता गाजवणारा, सत्ता गमावणारा आणि सत्तेकडे पाहून हादरणारा, असे तीन चेहरे एकाच दिवशी एकामागून एक दिसले की राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत तयार झालेल्या या माणसाने गावगुंडीचे इतके नेमके चित्र कुठून आणले असेल, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. उसाच्या पट्ट्यात, सोनारीपासून कोल्हापुरापर्यंत कुठेही, हिंदुराव अनोळखी नाही. सुटा ‘सामना’ पाहून हा धागा हाती लागत नाही. तो सलग पाहण्यातून लागतो.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ ज्या कलावंताला होईल, असे एक नाव सुचवायचे तर ते ललिता पवार यांचे. १९१६मध्ये येवल्यात जन्मलेली ही मुलगी मूकपटांच्या काळात लहानपणीच पडद्यावर आली, तरुणपणी नायिका झाली, आणि १९४२च्या ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांच्या हातून बसलेल्या थपडेने तिच्या चेहऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उपचार दीर्घकाळ चालले, डावा डोळा कायमचा बारीक राहिला आणि नायिकापद संपले. एवढी हकिकत मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असते, कारण ती सनसनाटी आहे. पुढचे काम मात्र एका शब्दात गुंडाळले जाते: खाष्ट सासू. त्या एका दिवसाचा कार्यक्रम आखून पाहिला तर हा शब्द किती तोकडा आहे ते उमगते.

पहाटे ‘रामशास्त्री’ (१९४४) लावावा लागेल, त्यातली आनंदीबाई पाहण्यासाठी; इथे क्रौर्य घरातले नाही, सिंहासनाच्या शेजारचे आहे. त्यानंतर व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ (१९५०), ज्यात हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू आहे, आणि हीच ती भूमिका जिचे पुढे साचे पडले. तिसरा ‘अमर भूपाळी’ (१९५१), शाहीर होनाजीवरचा. मग ‘श्री ४२०’ (१९५५) मधली केळी विकणारी गंगामाई, जी ठसक्याने बोलते आणि मनाने मऊ आहे. त्यानंतर ‘अनाडी’ (१९५९) मधली ख्रिस्ती घरमालकीण मिसेस डिसा. भाडेकरूला तोंडाने ओरडणारी आणि हाताने जेवू घालणारी, जिच्यासाठी ललिताबाईंना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. डिसा जवळून पाहताना एक गोष्ट ध्यानात येते: तो बारीक झालेला डोळा इथे रागाचा नाही, चेष्टेचा वाटतो. ‘दहेज’मध्ये जो डोळा सुनेवर रोखलेला असतो, तोच ‘अनाडी’त मिस्कीलपणे मिटल्यासारखा दिसतो, आणि फरक पडतो तो केवळ ओठांच्या कोपऱ्यामुळे. शरीरातली इजा ही नटाच्या हातात आलेली एक वस्तू झाली आहे आणि ती कशी धरायची याचा निर्णय तो दर वेळी नव्याने घेतो आहे, हे दोन्ही चित्रपट एका दिवशी पाहिल्याशिवाय कळणार नाही.

दुपार उलटल्यावर ‘जंगली’ (१९६१) आणि ‘प्रोफेसर’ (१९६२) एकापाठोपाठ दाखवायला हवेत. पहिल्यात ती घरात हसण्यालाही बंदी घालणारी आई आहे. दुसऱ्यात तशीच करडी पालक, पण म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या तरुण मास्तरावर तिचे मन जडते आणि ती आरशासमोर नटू लागते. खाष्टपणाच्या साच्यावर एवढी क्रूर आणि एवढी करुण थट्टा त्या साच्यात कैद झालेल्या नटीनेच करावी, यातली धिटाई मराठी समीक्षेने पुरेशी ओळखलेली नाही. प्रेक्षक हसतो आणि हसताना थोडा ओशाळतोही, कारण प्रौढ बाईला प्रेम वाटणे हे हास्यास्पद आहे असे चित्रपटाने गृहीत धरलेले असते आणि ललिताबाईंचा चेहरा ते गृहीत धरायला तयार नसतो. रात्र होईल ती रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ (१९८७) मालिकेतल्या मंथरेने. याच मालिकेत कौसल्या होत्या जयश्री गडकर, तमाशापटांच्या सुवर्णकाळाची नायिका, ज्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षांच्या पुढे चालला होता; आणि दशरथ होते त्यांचे पती बाळ धुरी. अयोध्येचा राजवाडा मराठी कलावंतांनी भरलेला होता, आणि देशभर रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या त्या मालिकेला हात जोडणाऱ्यांत फार थोड्यांना ते ठाऊक होते.

अशा कार्यक्रमात एक मोठी पोकळी राहणार, ती १९४२पूर्वीची. नायिका ललिता दिसणारच नाही असे नाही, पण तिच्या मूकपटांतले फारसे काही हाती लागणार नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले आणि त्यांतले जेमतेम तीसेक, तेही पुष्कळसे अपुरे, आज शिल्लक आहेत. ज्या फितींवर ते चित्रित झाले त्या नायट्रेटच्या, म्हणजे स्फोटक ज्वालाग्राही रसायनाच्या होत्या. त्यांतल्या चांदीसाठी कित्येक वितळवल्या गेल्या आणि कित्येक आपोआप कुजल्या. चित्रपट बोलू लागल्यावरही संकटे संपली नाहीत. गांधीहत्येनंतर १९४८मध्ये उसळलेल्या जाळपोळीत कोल्हापुरातला भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि तयार चित्रपट त्यांना पुन्हा चित्रित करावा लागला. पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायर यांनी गावोगावच्या वितरकांकडून, भंगारवाल्यांकडून रिळे गोळा करून ते उभे केले, आणि तरीही जानेवारी २००३मध्ये पुण्यातल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. त्यात प्रभातचा वारसाही होता. ज्या वर्षी अमेरिकेत एका वाहिनीने एकतीस दिवस एकतीस कलावंतांना वाटून दिले, त्याच वर्षी पुण्यात ही आग लागली, हा योगायोगच. पण वाटून द्यायला काहीतरी उरलेले असावे लागते, हे त्याने जितके स्पष्ट होते तितके आकडेवारीने होत नाही. हॉलिवूडच्या स्टुडिओंनीही आपले पुष्कळ मूकपट गमावले. टीसीएमच्या पाठीशी मात्र एमजीएमसारख्या स्टुडिओचा जुना संग्रह एकगठ्ठा विकत घेतलेला होता, आणि मराठीत असा गठ्ठा कोणाकडेच नाही: हक्क निर्मात्याच्या वारसांत विभागलेले, निगेटिव्ह एका प्रयोगशाळेत, चांगली प्रत दुसरीकडे आणि वाहिनीकडे असलेली ध्वनिचित्रफीत तिसऱ्याच, कडा कापलेल्या अवस्थेत.

अलीकडे भारतात एका कलावंतासाठी दिवस राखण्याचे काही प्रयत्न झाले ते वाहिनीवर नव्हे, चित्रपटगृहांत. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४मध्ये स्थापन केलेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ऑक्टोबर २०२२मध्ये अमिताभ बच्चन यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त त्यांचे अकरा चित्रपट सतरा शहरांत दाखवले. डिसेंबरमध्ये दिलीपकुमार यांच्या जन्मशताब्दीनिमित्त आणि सप्टेंबर २०२३मध्ये देव आनंद यांच्या शताब्दीनिमित्त असेच उत्सव झाले. बच्चन यांच्या उत्सवात तिकिटासाठी रांगा लागल्या आणि ते चित्रपट आले तेव्हा जन्मही न झालेल्या, पडद्यासमोर नाचणाऱ्या तरुणांच्या चित्रफिती पसरल्या. तंबूतल्या प्रेक्षकाला जे नेहमीच ठाऊक होते ते मल्टिप्लेक्सला त्या दिवसांत पुन्हा कळले, की जुन्या चित्रपटाला जागा आणि गर्दी दिली तर तो जुना राहत नाही. या उत्सवांचा नकाशा अर्थात शहरांचा होता. मराठी कलावंतांपैकी कोणाच्या शताब्दीला इतक्या पडद्यांवर इतके चित्रपट लागल्याचे दिसत नाही, आणि त्याचे कारण प्रेक्षकांच्या अनास्थेत शोधणे सोपे असले तरी अर्धे कारण धड प्रती नसण्यात आहे.

एका नटाला दिवस देण्याच्या पद्धतीची एक मर्यादाही आहे आणि ती मराठीत विशेष जाणवते. ज्याच्याकडे दहा-बारा चित्रपट आहेत त्यालाच दिवस भरता येतो. ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांची आवली झालेल्या गौरी यांच्या वाट्याला असा दिवस कधीच येणार नाही, कारण त्यांच्या भूमिका मोजक्या आहेत आणि बहुतेक छोट्या. पागनिसांच्या तुकारामाला जमिनीवर आणणारे जे काही त्या चित्रपटात आहे ते या आवलीकडे आहे. तिचा संताप आणि म्हशीवरचा जीव. शांता आपटे यांचा दिवस भरू शकतो, ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘कुंकू’ (१९३७) यांच्यापासून, आणि त्यात १९३९मध्ये प्रभातच्या फाटकाशी त्यांनी केलेल्या उपोषणाचा निवेदकाला आवर्जून उल्लेख करता येईल. गौरीबाईंसाठी मात्र वेगळी सोय लागेल: एखाद्या चैत्रात सगळा दिवस नाही, तर फक्त एक खेळ, ‘संत तुकाराम’चाच, आणि पूर्वरंगात बोलणाऱ्याने त्या दिवशी तुकोबांकडे पाठ फिरवून केवळ आवलीविषयी बोलावे. त्यासाठी नव्याने काही जमवावे लागत नाही. त्या चित्रपटाची चांगली प्रत उपलब्ध आहे.